नाण्यांवरच्या राजपदव्या मराठी पाट्यांवर कशा लिहाव्यात?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका वाचनालयात दिवाळीनंतर जुन्या नाण्यांचं छोटं प्रदर्शन आहे. क्षत्रप-सातवाहनांपासून शिवराई, चांदवडी रुपया, व्हिक्टोरियाचा रुपया, शिवाय युरोप, तुर्कस्तान, चीन, जपान अशी सरमिसळ आहे. एका भिंतीवर गव्हर्नर जनरलांची चित्रंही लावायची आहेत. पाट्या मराठीतच हव्यात. पोस्टकार्डाएवढी पाटी, म्हणजे फार तर ३०-३५ शब्द. बघायला येणारी बहुतेक शाळेतली मुलं.

गाडी अडली आहे ती पदव्यांवर. एम्परर, किंग, प्रिन्स, ड्यूक, काउंट, झार, कैसर, खान, सुलतान, पादशाह, शोगुन, क्षत्रप. सगळ्यांना 'राजा' म्हटलं तर माहिती चुकते, आणि सगळे मूळ शब्द तसेच ठेवले तर मुलांना काही कळत नाही. मराठीत प्रत्येकाला नेमका प्रतिशब्द आहे का? की काही वेगळी पद्धत वापरावी?

लेणीवाचक

एकास एक प्रतिशब्दांची यादी करायला जाऊ नका, ती चुकणारच. पदवी ही उंची मोजायची फूटपट्टी नाही. प्रत्येक पदवीला तीन प्रश्न विचारा. ही पदवी त्याने स्वतः घेतली की वरच्या कुणी दिली? ती मुलाकडे आपोआप जाते की नेमणूक संपली की संपते? आणि त्याच्या डोक्यावर आणखी कुणी आहे का? उत्तरं मिळाली की पाटीवर मूळ शब्द ठेवून खाली मराठीत एक ओळ लिहायची. दोन्ही लागतात.

तुमच्या हाताशी असलेल्या नाण्यांतच याचं उत्तम उदाहरण आहे. पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. तो नहपान या राज्यकर्त्याचा जावई. तिथे नहपानाला 'राजा क्षहरात क्षत्रप' म्हटलंय. त्याचा अमात्य अयम याच्या जुन्नरच्या लेखात, ४६ व्या वर्षी, तोच नहपान 'महाक्षत्रप' होतो. आणि चांदीच्या नाण्यावर? 'राज्ञो क्षहरातस नहपानस' एवढंच. क्षत्रप शब्दच नाही. यातला क्षहरात हा त्याच्या घराण्याचा शब्द आहे, पदवीचा नाही, ही गल्लत फार होते. म्हणून नहपानाच्या नाण्याखाली 'क्षत्रपाचं नाणं' लिहाल तेव्हा ही पदवी लेखांतली आहे, नाण्यावर 'राजा' आहे, हे सांगितलंच पाहिजे.

क्षत्रप हा मुळात इराणी शब्द. प्राचीन इराणी साम्राज्यात 'राज्य राखणारा', म्हणजे प्रांताचा सुभेदार, असा त्याचा अर्थ. ग्रीकांनी त्याचं सत्रप केलं. आपल्याकडे पोचेपर्यंत वरची सत्ता लांब राहिली आणि सुभेदार स्वतःच्या नावाने नाणी पाडू लागला. म्हणजे पदवी नोकराची, अधिकार राजाचा. पुढच्या चष्टनाच्या घराण्यात तर महाक्षत्रप थोरला आणि क्षत्रप त्याच्या हाताखालचा, बहुधा वारस. नाण्यावर बापाचं नाव पदवीसकट आणि मग मुलाचं नाव पदवीसकट, त्यामुळे वंशावळ नाण्यांवरूनच जुळवता येते. एकच माणूस आधी क्षत्रप आणि नंतर महाक्षत्रप म्हणून सापडतो. ते दोन वेगळे राजे समजू नका.

जोगलटेंभीचा साठा तुम्हाला ठाऊक असेलच. १९०६ मध्ये सापडलेली नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या दोन तृतीयांशांच्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला. भिंग घेतलं तर डोंगराच्या खुणेखालून नहपानाच्या चेहऱ्याचं नाक-कपाळ दिसतं. तुमच्याकडे असं नाणं असेल तर पाटीवर दोन्ही राजांची नावं हवीत.

आता आपल्याकडच्या पदव्या कशा फुगत गेल्या ते बघा, कारण मुलं 'महाराजा हा राजापेक्षा मोठा' असं धरून चालतात. अशोक स्वतःला नुसता 'राजा' म्हणवतो. सातवाहनही नाण्यावर 'राञो'च लिहितात. पांडवलेणीच्या तिसऱ्या लेण्यातल्या त्याच्या आईच्या, बलश्रीच्या, लेखात मात्र गौतमीपुत्र 'राजरञो', राजांचा राजा, होतो आणि ती स्वतः 'महादेवी, महाराजमाता, महाराजपितामही' आहे. गुप्तांच्या काळात श्रीगुप्त आणि घटोत्कच हे 'महाराज', पण पहिला चंद्रगुप्त 'महाराजाधिराज'. त्यानंतर उत्तरेत नुसतं 'महाराज' म्हणजे बहुधा मांडलिक. तरीही त्याच सुमाराचे आपले वाकाटक 'महाराज' लिहितात आणि ते कुणाचे मांडलिक नाहीत. त्यांच्यातला पहिला प्रवरसेन तर 'सम्राट' आहे. सिन्नरचे सुरुवातीचे यादव आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, स्वतंत्र झाले ते पाचव्या भिल्लमाच्या वेळी. शब्द तोच, काळ आणि प्रदेश बदलला की वजन बदलतं. पाटीवर शतक लिहिल्याशिवाय पदवी लिहू नका.

थालरवाला

युरोपबद्दल मी लिहितो. लेणीवाचकांचे तीन प्रश्न तिथेही चालतात.

सम्राट या शब्दापासून सुरू करा. युरोपात तो 'फार मोठा राजा' नव्हे, रोमचा वारसा सांगणारा. सीझर हे आधी माणसाचं नाव, मग पदवी. त्याचंच जर्मनमध्ये कैसर आणि स्लाव भाषांत झार. इव्हान चौथ्याचा झार म्हणून राज्याभिषेक १५४७ चा. १७२१ मध्ये पहिल्या पीटरने इम्पेरातोर ही पदवी घेतली. त्यामुळे दुसऱ्या निकोलसच्या रुबलवर 'सम्राट आणि सर्व रशियाचा स्वयंसत्ताधीश' असं आहे, झार नाही. झार ही पदवी त्याच्या लांबलचक बिरुदावलीत पुढे येते: कझानचा झार, पोलंडचा झार, वगैरे. मराठीत झार शब्द रुळलेला आहे, तो ठेवा, पण खाली 'रशियाचा सम्राट' लिहा. झारची बायको झारित्सा, मुलगा झारेविच. जो गादीचा वारस असेल तो त्सेसारेविच.

देशाचा राजा की लोकांचा राजा, हा भेद नाण्यावर दिसतो आणि भाषांतरात हमखास हरवतो. अठराव्या लुईच्या नाण्यावर 'फ्रान्सचा राजा' आहे. १८३० च्या क्रांतीनंतर आलेल्या लुई फिलिपच्या नाण्यावर 'फ्रेंचांचा राजा'. आपण देवदत्त मालक नाही, जनतेने बसवलेले आहोत, हे त्यातून सांगायचं होतं. बेल्जियमचा राजा आजही 'बेल्जियनांचा राजा' आहे. विल्हेल्मच्या नाण्यावर 'जर्मन कैसर, प्रशियाचा राजा' आहे, 'जर्मनीचा कैसर' नाही. १८७१ मध्ये इतर जर्मन राजांना आपली भूमी त्याच्या मालकीची झाल्यासारखी वाटू नये म्हणून ही शब्दरचना ठरली. पाटीवर हे शब्द जसेच्या तसे ठेवा. नेपोलियनचं १८०४ ते १८०८ मधलं नाणं मिळालं तर ते आवर्जून मांडा: एका बाजूला 'नेपोलियन सम्राट', दुसऱ्या बाजूला 'फ्रेंच प्रजासत्ताक'.

तुमच्या संग्रहात मारिया थेरेसाचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, असणारच, तांबड्या समुद्राच्या व्यापारात तो इतका फिरला की जुन्या संग्रहांत सर्रास सापडतो. त्यावरचं साल १७८०, पण ती त्याच वर्षी वारली आणि पुढे कितीतरी दशकं तेच साल घालून तो पाडला गेला. म्हणून 'सन १७८० चं नाणं' लिहू नका, 'नाण्यावरील साल १७८०' लिहा. आता कडेची अक्षरं वाचा. 'आर. इम्प.' म्हणजे रोमनांची सम्राज्ञी. 'हू. बो. रेग.' म्हणजे हंगेरी आणि बोहेमियाची राणी. मागच्या बाजूला ऑस्ट्रियाची आर्चडचेस, बर्गंडीची डचेस, टिरोलची काउंटेस. एका बाईच्या पाच-सहा पदव्या आणि सगळ्यांचं वजन वेगळं. सम्राज्ञी ती नवऱ्यामुळे, कारण पवित्र रोमन सम्राट निवडून यायचा आणि १७४५ मध्ये तिचा नवरा फ्रान्सिस निवडून आला. हंगेरीची राणी मात्र ती स्वतःच्या हक्काने होती, राज्य खरोखर तीच करत होती. चकाकणारी पदवी आधी लिहिली आहे आणि सत्ता दुसऱ्या पदवीत आहे.

उमरावांची उतरंड इंग्लंडमध्ये अशी: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ड्यूक हा मुळात सेनानायक, मार्क्विस सीमेवरच्या मुलुखाचा, काउंट राजाचा सोबती, व्हायकाउंट त्या काउंटचा मुतालिक, म्हणजे प्रतिनिधी. इंग्लंडमध्ये काउंटच्या जागी अर्ल हा जुना शब्द टिकला, पण अर्लच्या बायकोला काउंटेसच म्हणतात. मराठीत सगळ्यांना 'उमराव' म्हणा आणि मूळ शब्द पुढे लावा: 'अर्ल दर्जाचा उमराव'.

पंचवटीकर

उमरावांऐवजी आपले सरदार, जहागीरदार, सरंजामदार का नकोत? मुलांना ते शब्द चांगले परिचयाचे आहेत. ड्यूक म्हणजे सरंजामदार म्हटलं की झालं.

लेणीवाचक

पंचवटीकर, सोपं होईल, पण खोटं होईल. जहागीर म्हणजे ठरावीक मुलखाचा महसूल वसूल करायचा हक्क. मोगलांकडे ती दर काही वर्षांनी बदलायची, बापाची जहागीर पोराला मिळेलच असं नव्हतं. सरंजाम फौज बाळगण्यासाठी, तोही तत्त्वतः सरकारच्या मर्जीवर. पिढीजात होतं ते वतन: पाटीलकी, देशमुखी. ड्यूकची पदवी मात्र कायद्याने वारसाला जाते, आणि मध्ययुगानंतर इंग्लंडच्या ड्यूककडे त्या नावाचा मुलूख असेलच असंही नाही. तेव्हा सरंजामदार हा शब्द सरंजामदारांसाठीच राखून ठेवा.

मराठेशाहीतली पदवी ही तर वेगळीच गोष्ट. नागपूरकर भोसले 'सेनासाहेब सुभा', बडोद्याचे गायकवाड 'सेनाखासखेल', आंग्रे 'सरखेल', होळकर 'सुभेदार'. महादजी शिंद्यांना १७८४ मध्ये दिल्लीच्या शाह आलम बादशाहकडून 'वकील-इ-मुतलक', म्हणजे पूर्ण अधिकाराचा प्रतिनिधी, ही पदवी मिळाली. हे सगळे हुद्दे आहेत, कुणी तरी वरून दिलेले, आणि तरी ते आपापल्या मुलखात राजासारखे वागत. आपल्याच पंचवटीतलं नारोशंकराचं मंदिर ज्यांनी बांधलं ते राजेबहाद्दर, म्हणजे पदवीत 'राजे' शब्द आहे पण ते पेशव्यांचे सरदार. आणि खुद्द पेशवा म्हणजे 'पुढे असणारा', छत्रपतींचा मुख्य प्रधान. शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि उलट्या बाजूला 'छत्रपति' आहे. ही पदवी १६७४ च्या राज्याभिषेकात स्वतः धारण केलेली, कुणाच्या फर्मानाने आलेली नाही. पाटीवर एवढं एक वाक्य तरी हवंच.

थालरवाला

गव्हर्नर जनरलांच्या भिंतीबद्दल राहिलं. तिथे मराठीत सर्रास चुका होतात.

'सर' ही नाइटची किंवा बॅरोनेटची पदवी, ती पहिल्या नावाला लागते. 'सर आयझॅक' किंवा 'सर आयझॅक न्यूटन' बरोबर, 'सर न्यूटन' चूक. 'लॉर्ड' हे बोलायचं संबोधन, बॅरनपासून मार्क्विसपर्यंत चालतं. ड्यूकला कधी लॉर्ड म्हणत नाहीत. वॉरन हेस्टिंग्ज कधीच लॉर्ड नव्हता. 'लॉर्ड हेस्टिंग्ज' म्हणजे १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल, तो मार्क्विस. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाही लॉर्ड नव्हता. मुंबईचा गव्हर्नर झालेला लॉर्ड एल्फिन्स्टन त्याच घराण्यातला, पण १८५७ च्या वेळचा. वेलस्ली दोन आहेत: रिचर्ड हा गव्हर्नर जनरल, आधी अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, १७९९ पासून मार्क्विस वेलस्ली. त्याचा धाकटा भाऊ आर्थर, ज्याने १८०३ मध्ये अहमदनगर घेतलं आणि असईची लढाई केली, तो १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८०३ च्या चित्राखाली 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' लिहिलं तर अकरा वर्षं आधीच पदवी दिल्यासारखं होईल. प्रत्येक चित्राखाली त्या साली जी पदवी होती तीच घाला.

व्हिक्टोरियाचा रुपया तर पदवीवरूनच ओळखता येतो. 'क्वीन' असेल तर १८७७ च्या आधीचा साचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचा. कायदा १८७६ चा, दिल्लीत जाहीर झाला १ जानेवारी १८७७ ला, आणि इकडची पदवी 'कैसर-इ-हिंद'. म्हणजे सीझरचं नाव शेवटी आपल्याकडच्या पदवीतही येऊन बसलं. ब्रिटनमधल्या नाण्यांवरचं 'इंड. इम्प.', भारताचा सम्राट, हे १९४९ पासून गेलं.

गोदाकाठ

मनापासून आभार. दोन शंका. 'प्रिन्स'ला राजकुमारच लिहायचं ना? मोनॅकोचं एक नाणं आहे. आणि खान, सुलतान, पादशाह यांत फरक काय?

थालरवाला

मोनॅकोला राजकुमार लिहू नका. इंग्रजी-फ्रेंचमध्ये प्रिन्स या एकाच शब्दात दोन माणसं बसतात: राजाचा मुलगा, आणि लहान राज्याचा सार्वभौम धनी. जर्मनमध्ये यांना वेगळे शब्द आहेत, प्रिन्त्स आणि फ्युर्स्ट. मोनॅको, लिश्टेनश्टाइन इथले 'प्रिन्स' हे राज्यकर्ते आहेत. मराठीत 'मोनॅकोचा अधिपती' लिहा. उलट ब्रिटिशांनी आपल्या संस्थानिकांना 'किंग' सहसा म्हटलं नाही, 'प्रिन्स' किंवा 'चीफ' म्हटलं, कारण किंग म्हटलं तर तो लंडनच्या राजाच्या बरोबरीचा ठरला असता. २१ तोफांची सलामी फक्त हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर आणि काश्मीर या पाचांना. आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाण्याला सलामीच नव्हती, तिथले अधिपती देशमुख. आपल्याकडे 'संस्थानिक' हा नेमका शब्द तयार आहे, तो वापरा.

तसंच 'राणी'. राज्य करणारी राणी आणि राजाची बायको यांत मराठी फरक करत नाही, पाटीवर तो करावा लागेल: 'राज्यकर्ती राणी व्हिक्टोरिया'. तिचा नवरा अल्बर्ट राजा झाला नाही, १८५७ मध्ये त्याला 'प्रिन्स कन्सॉर्ट' हा किताब मिळाला.

टाकसाळ

खान-सुलतानाचं मी सांगतो.

खान आणि त्याहून थोर खागान या तुर्क-मंगोल पदव्या. चंगीझखानानंतर मध्य आशियात खान म्हणवायचा हक्क त्याच्या रक्ताच्या वंशजांपुरता राहिला. म्हणूनच तैमूर एवढा मुलूख जिंकूनही खान झाला नाही. तो 'अमीर' राहिला आणि 'गुरकान', म्हणजे चंगीझी घराण्याचा जावई, हे बिरुद लावायचा. त्याच्या वंशजांची पदवी मिर्झा, अमीरजादा. बाबराने १५०७ मध्ये काबुलात 'पादशाह' ही पदवी घेतली तेव्हा तो भाऊबंदांच्या वर चढला. आपल्याकडे मात्र खान ही दरबारी सरदाराची पदवी होऊन गेली, आणि पुढे आडनाव.

मिर्झा कुठे आहे ते बघा. नावानंतर असेल तर राजपुत्र (अब्बास मिर्झा), नावाआधी असेल तर शिकला-सवरलेला गृहस्थ. उस्मानी तुर्कांत 'सुलतान'चंही असंच: राज्यकर्त्याच्या नावाआधी, राजकन्येच्या किंवा राजमातेच्या नावानंतर. मिहरिमा सुलतान ही सुलेमानची मुलगी. पाटी करताना शब्दांचा क्रम बदलू नका.

सुलतान म्हणजे मुळात 'सत्ता', ती खलिफाच्या मान्यतेने चालते असं मानलं जायचं. शाह इराणी, शाहनशाह म्हणजे राजांचा राजा, आणि तीच कल्पना कुशाणांच्या नाण्यावर 'शाओनानो शाओ' म्हणून येते. अटकजवळच्या आरा इथल्या लेखात तर पुढच्या एका कनिष्काला एका दमात महाराज, राजातिराज, देवपुत्र, कैसर म्हटलंय. हिंदुस्थान, इराण, चीन, रोम, चारही दिशांच्या पदव्या एकाच माणसाला. नवाब हे नायब शब्दाचं बहुवचन, म्हणजे मुळात प्रतिनिधी.

चीन-जपानचं थोडक्यात. इ.स.पू. २२१ मध्ये छिन शि-हुआंगने 'हुआंगदी' ही नवी पदवी घडवली, त्यामुळे आधी राजा असलेला 'वांग' पुढे राजपुत्र-उमरावांच्या पातळीला उतरला. भोकाच्या चिनी नाण्यावर सहसा सम्राटाचं नाव नसतं, कालखंडाचं असतं. कांग्शी हे त्या माणसाचं नाव नव्हे. 'कांग्शी कालखंड' लिहा. जपानचा सम्राट 'तेन्नो'. शोगुन हा त्याने नेमलेला सेनापती, पण १६०३ पासून १८६७ पर्यंत कारभार तोकुगावा शोगुनांच्याच हाती. मुलांना छत्रपती-पेशवे सांगितलं की लगेच उमजतं. दाइम्यो म्हणजे ज्याच्या मुलखाचं उत्पन्न किमान १० हजार कोकू भाताचं आहे तो. एक कोकू सुमारे १८० लिटर.

गोदाकाठ

उत्तम. शेवटचं: चांदवडी रुपया. फारसी मजकुरात शाह आलम बादशाहचं नाव आहे. मग पाटीवर राज्यकर्ता म्हणून त्याचंच नाव घालायचं का?

टाकसाळ

नाही. नाव बादशाहचं, टाकसाळ मराठ्यांची. चांदवडचा रुपया असो की 'गुलशनाबाद' म्हणजे नाशिकचा, बादशाहच्या नावाचं नाणं बाजारात खपायचं, सराफ ते ओळखायचे, म्हणून ते नाव ठेवलं. त्यावरून चांदवडवर दिल्लीचं राज्य होतं असं ठरत नाही. पाटीवर दोन रकाने करा: 'नाण्यावर नाव' आणि 'नाणे कोणी पाडले'. हे दोन रकाने सगळ्याच पाट्यांना ठेवलेत तर बरेच घोळ आपोआप मिटतील.

आणखी एक काळजी घ्या. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे कडेची अक्षरं, बरेचदा टाकसाळीचं नावच, कापलं जातं. अशा वेळी 'चांदवड' हे अंदाजाने लिहू नका. जाणकाराला दाखवा, आपल्या अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहेच. 'जुलूस' शब्दाजवळ जो आकडा असतो तो राज्यारोहणापासूनचं वर्ष, हिजरी साल वेगळं. दोन्ही दिसत असतील तर आधी ते एकमेकांशी जुळतात का पाहा. टाकसाळीवर जुने ठसे वर्षानुवर्षं चालायचे, त्यामुळे कधी कधी ते जुळत नाहीत. तेव्हा इसवी सन न लिहिता 'अठराव्या शतकाचा उत्तरार्ध' लिहा. तुमची पाटी साधारण अशी होईल:

'चांदवडी रुपया, चांदी. नाण्यावर नाव: शाह आलम, बादशाह, दिल्ली. नाणे पाडले: मराठ्यांच्या ताब्यातील चांदवड टाकसाळ. बादशाह ही पदवी दिल्लीची, प्रत्यक्ष अंमल मराठ्यांचा. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध.'